लाइन डॉक्टर टाकतात, सही सिस्टरची

आयसीयूतल्या रुग्णाला सेंट्रल लाइनमधून रक्तात संसर्ग झाला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीची बैठक बसते, मायक्रोबायोलॉजीचा रिपोर्ट वाचला जातो, ‘कारण’ या रकान्यात ‘हातांच्या स्वच्छतेतील त्रुटी’ आणि ‘उपाय’ या रकान्यात ‘परिचारिकांचे फेरप्रशिक्षण’ असं लिहून मिनिट्सवर सह्या होतात. चहा येतो. इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून मी अशा बऱ्याच बैठकांना बसले आहे. फेरप्रशिक्षणाचे ते वर्गही मीच घेते. तरी माझं म्हणणं असं की ‘फेरप्रशिक्षण’ हा शब्द लिहून मोकळं होणं आता पुरे. हात कसे धुवायचे हे परिचारिकेला ठाऊक असतं. तिच्याकडे दोन गोष्टी नसतात : लाइन टाकणाऱ्याला थांबवण्याचा लेखी अधिकार, आणि एका पाळीत झेपतील एवढेच रुग्ण. या दोन्ही न देता संसर्गाचा जाब फक्त तिला विचारला, तर तिच्यावर अन्याय होतोच, शिवाय संसर्ग आहे तिथेच राहतो.

ज्यांचा आयसीयूशी कधी संबंध आला नाही (आणि येऊही नये) त्यांच्यासाठी थोडं सांगते. हातावर लावतात ती सलाईनची सुई वेगळी. सेंट्रल लाइन म्हणजे मानेतल्या, कॉलरबोनखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून आत सरकवलेली लांब नळी. मानेतून टाकली तर तिचं टोक हृदयाच्या दाराशी असतं. रक्तदाब सावरणारी जी औषधं हाताच्या बारीक शिरेला सोसत नाहीत, ती हिच्यातून जातात. घाईने डायलिसिस करावं लागतं तेव्हा टाकलेली नळीही याच जातीची. जंतूंना इथून आत शिरायला दोन वाटा आहेत. लाइन टाकताना त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने आत जातात. सुरुवातीच्या दिवसांतला संसर्ग बहुतेक असा येतो. दुसरी वाट हबची, म्हणजे जिथे सिरिंज जोडून औषध देतो त्या तोंडाची. लाइन जितके दिवस राहील तितकी ही दुसरी वाट रुंद होत जाते. पहिली अडवणं लाइन टाकणाऱ्याच्या हातात असतं, दुसरी जवळजवळ सगळी नर्सिंगच्या. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे की असा संसर्ग झालेल्या १०० रुग्णांपैकी १२ ते २५ दगावतात.

हे टाळता येतं, हे आता वादापलीकडे गेलं आहे. २००१च्या सुमाराला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षतातज्ज्ञाने पाच गोष्टी कागदावर उतरवल्या. हात धुवा. त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने साफ करा. टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन आणि ग्लोव्हज घाला व रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाका. जांघेतली शीर शक्यतो टाळा. गरज संपली की लाइन काढा. यात एकही गोष्ट नवीन नव्हती. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरलाही ती पाठ असते. आधी महिनाभर परिचारिकांना नुसतं बघायला सांगितलं, तेव्हा दिसलं की एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर किमान एक पायरी गाळत होते. मग प्रशासनाने परिचारिकांना सांगितलं की पायरी गाळलेली दिसली तर डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. त्याच जोडीला अगदी साधी सोय केली : लाइनचं सामान आधी आठ ठिकाणांहून गोळा करावं लागे, ते एका ट्रॉलीवर आणून ठेवलं. १९९८च्या सुरुवातीला त्या आयसीयूत दर १००० लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस) ११.३ संसर्ग होत होते. २००२च्या शेवटच्या तिमाहीत एकही झाला नाही.

पुढे हाच प्रयोग मिशिगन राज्यभर झाला. डिसेंबर २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : १०३ आयसीयूंमधला सरासरी दर ७.७ वरून दीड वर्षाच्या आत १.४ वर आला. जगभर त्या पाच ओळींच्या कागदाचं कौतुक झालं, आणि ते योग्यही होतं. पण कागदाच्या मागे उभं राहिलेलं प्रशासन, आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्या सिस्टरला मिळालेलं अभय, हे कौतुकात मागे पडलं. कागदाची झेरॉक्स निघते, अभयाची निघत नाही.

आपल्याकडे कागद आला आहे. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना हा संसर्गदर दर महिन्याला मोजावा लागतो, त्यामुळे आयसीयूत चेकलिस्टची फाईल असते. ती कशी भरली जाते ते जवळून बघण्यासारखं आहे. रात्री दोनचा सुमार. रुग्णाचा रक्तदाब पडलेला. रेसिडेंट सकाळपासून उभा. अंगभर झाकणारी मोठी चादर स्टोअरमध्ये संपली आहे, म्हणून मध्ये भोक असलेला छोटा होल टॉवेल मानेवर टाकला जातो. गाईडवायर, म्हणजे जिच्यावरून लाइन शिरेत सरकवतात ती तार, लांबलचक असते. तिचं मोकळं टोक त्या एवढ्याशा टॉवेलवर मावत नाही, लवलवत उशीला लागतं. सिस्टर बघते.

‘सर, वायर उशीला लागली.’

‘सिस्टर, प्रेशर पडतंय. तुम्ही नॉरअ‍ॅड भरा.’

ती नॉरअ‍ॅड भरते, म्हणजे रक्तदाब सावरणारं नॉरअॅड्रेनॅलिन. दुसरं काय करणार? पहाटे पाचला नोट्स लिहिताना चेकलिस्ट समोर येते. संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरले का? होय. तंत्र अबाधित राहिले का? होय. एकाच पेनाने, एका दमात सगळ्या टिका होतात आणि खाली सही होते, तीही तिची. ‘नाही’ लिहिलं तर सकाळी प्रश्न तिला विचारले जातील, रेसिडेंटला नाही, हे तिला अनुभवाने माहीत असतं. म्हणजे जे कृत्य तिने केलं नाही आणि जे थांबवण्याचा तिला अधिकार नाही, त्याची ग्वाही ती देते. चेकलिस्टचा याहून मोठा अपमान मला तरी ठाऊक नाही.

रेसिडेंटला मी खलनायक करत नाही. तोही छत्तीस तासांच्या ड्यूटीने पिचलेला असतो, आणि आता तो म्हणण्याऐवजी ती म्हणावं इतक्या मुली त्या खुर्चीत आहेत. सिस्टरऐवजी ब्रदर असण्याचं प्रमाणही वाढलं आहे. तरी उतरंड तशीच राहिली आहे. वीस वर्षं आयसीयूत काढलेली परिसेविका सहा महिन्यांच्या रेसिडेंटला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणते आणि चूक दाखवायची तर प्रश्नाच्या आडून दाखवते : ‘सर, दुसरे ग्लोव्हज देऊ का?’ हुशार रेसिडेंट इशारा समजतो. न समजणाऱ्यासमोर तिच्याकडे पुढचं पाऊल नसतं.

आता दुसरी वाट, हबची. इथे दोष आमच्याकडे येतो आणि तो घ्यायलाच हवा. ट्रायवेचं, म्हणजे लाइनला लावलेल्या तीन तोंडांच्या जोडाचं, झाकण काढून बेडवर ठेवणं आणि औषध देऊन झाल्यावर तेच परत लावणं. हबच्या खाचेत वाळलेलं रक्त. स्पिरिटचा बोळा नुसता टेकवून लगेच सिरिंज जोडणं; खरं तर किमान १५ सेकंद चोळून तो भाग वाळू द्यायचा असतो. ड्रेसिंगची कड सुटली तर ते बदलण्याऐवजी वरून मायक्रोपोरची पट्टी मारणं. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवस आणि गॉजचं २ दिवस चालतं, पण ओलं झालं, सुटलं, मळलं की लगेच बदलायचं, असा नियम आहे. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या वॉर्डात घामाने ते दुसऱ्याच दिवशी सुटतं. नवं ड्रेसिंग खालच्या मेडिकलमधून नातेवाइकांनी आणायचं असेल, तर ‘आणखी एक आणा’ म्हणताना सिस्टरची जीभ अडखळते, कारण सकाळपासून त्या माणसाने जिन्यावरून किती खेपा घातल्या हे तिने पाहिलेलं असतं.

आणि सलाईनच्या बाटलीत खुपसलेली ती सुई! ज्याने ज्याने आपलं माणूस ॲडमिट असताना पाहिलं आहे, त्याला ती आठवेल. अर्धवट कडक प्लास्टिकच्या बाटलीत हवा शिरल्याशिवाय सलाईन नीट उतरत नाही, म्हणून वरच्या बाजूने सुई टोचून ठेवतात. त्या सुईतून वॉर्डातली हवा, त्यात जे काही असेल त्यासकट, थेट सलाईनमध्ये जाते. ती टोचते परिचारिका, म्हणून ही सवय तिची वाईट असं म्हणून मोकळं होता येतं. पण अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिको या चार देशांतल्या आयसीयूंमध्ये अशा उघड्या पद्धतीच्या बाटल्यांऐवजी आपोआप चपटी होत जाणारी बंद पिशवी वापरायला सुरुवात केली, तेव्हा लाइनचा संसर्ग १०.१ वरून ३.३ वर आला. बदलली होती ती बाटली. कोणती बाटली घ्यायची हा निर्णय खरेदी विभागात, सर्वांत कमी दराच्या निविदेवर होतो. त्या टेबलावर किती रुग्णालयांत परिचारिकेला खुर्ची असते?

आता मनुष्यबळाचा हिशेब मांडून बघू. आजारी रुग्णाच्या लाइनला एका पाळीत साधारण दहा वेळा हात लागतो असं धरू : अँटिबायोटिक, आधी-नंतर फ्लश, रक्ताचा नमुना, पंपाची सिरिंज बदलणं. प्रत्येक वेळी हाताला सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद, हब चोळायला १५. चार रुग्ण असतील तर चाळीस वेळा, म्हणजे आठ तासांत जेमतेम अर्धा तास. ‘एवढंच ना?’ असं व्यवस्थापनातले लोक लगेच म्हणतात. पण तो अर्धा तास सलग मिळत नाही. त्याचे चाळीस तुकडे असतात आणि बहुतेक तुकड्यांच्या वेळी शेजारच्या बेडचा व्हेंटिलेटर बोंबलत असतो, पलीकडचा रुग्ण नळी ओढत असतो, दारात नातेवाईक उभे असतात. ती पंधरा सेकंदं तेव्हा कापली जातात. कापलेलं दिसत नाही, आणि त्याचा परिणाम चार दिवसांनी थंडी वाजून ताप आला की कळतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे आयसीयूत एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला किती असतात ते कुठल्याही आयसीयूच्या ड्यूटी रोस्टरवर बघावं. याचा संसर्गाशी थेट संबंध आहे हे १९९६ मध्येच अमेरिकेतल्या एका सर्जिकल आयसीयूच्या अभ्यासात दिसलं होतं : तिथे लाइनच्या संसर्गाची साथ आली तो काळ आणि परिचारिकांमागे रुग्ण वाढल्याचा काळ एकच होता. २००३ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की ज्या रुग्णांची शुश्रूषा मुख्यतः इकडून तिकडून आणलेल्या बदली परिचारिकांनी केली, त्यांना हा संसर्ग जास्त झाला. लाइन सांभाळणं हे त्या युनिटमध्ये मुरलेल्या माणसाचं काम आहे. कोविडने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. वर्षानुवर्षं खाली आणलेला अमेरिकेतला दर २०२०च्या शेवटच्या तिमाहीत आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी वर गेला. हात धुण्याचं महत्त्व उभ्या जगाला पटलेलं असताना हे घडलं, याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे मुरलेलं माणूस टिकवण्याची तऱ्हा काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना सरकारीइतकाच पगार द्यावा आणि अगदी ५० खाटांहून लहान ठिकाणीही तो २० हजारांच्या खाली नसावा. ती शिफारस बहुतेक ठिकाणी शिफारसच राहिली. सरकारी रुग्णालयांतली भरती बाह्यस्रोतांकडे द्यायच्या विरोधात मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या परिचारिकांनी संप केला, तेव्हा बातम्यांत रखडलेल्या शस्त्रक्रिया आल्या. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी आयसीयू शिकेपर्यंत तिचा करार संपतो, हा मुद्दा फारसा कुठे दिसला नाही. खासगीत वर्ष-दीड वर्ष काढून, लाइन हाताळायला तयार झालेली मुलगी आखातात किंवा जर्मनीला जाते. तिने का जाऊ नये? तिच्या जागी नवी येते आणि मी पुन्हा हात धुण्याचा वर्ग घेते.

या सगळ्याची किंमत आपल्या देशात जास्त आहे, कारण आपल्याकडच्या आयसीयूतले जंतू अधिक चिवट आहेत. भारतातल्या २६ रुग्णालयांच्या ८९ आयसीयूंमध्ये मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात पाहणी झाली. रुग्णालयातच लागलेले २६२२ रक्तसंसर्ग नोंदले गेले, सर्वाधिक दर नवजात बालकांच्या कक्षांत होता, आणि सगळ्यांत जास्त सापडलेल्या क्लेब्सिएला या जंतूपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कार्बापेनेमला, म्हणजे आपल्या हातातल्या शेवटच्या काही औषधांपैकी एकाला, दाद देत नव्हते. मग कोलिस्टिनसारखी औषधं सुरू होतात, जी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. आयसीयूतले दिवस वाढतात. बिल रुग्णाच्या घरी जातं. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने अशा संसर्गाचे जादा पैसे रुग्णालयाला देणं बंद केलं. त्याने दर फारसा हलला नाही असं २०१२च्या अभ्यासात दिसलं, म्हणून मी त्या उपायाची वकिली करत नाही. पण रुग्णालयात लागलेल्या संसर्गाचा खर्च रुग्णाच्याच माथी मारणं आपल्याला इतकं साहजिक वाटतं, याचं मला आश्चर्य वाटतं.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि त्यांतले दोन वजनदार आहेत. पहिला : रुग्ण हातातून चालला असताना सिस्टरने थांबवत बसायचं का? नाही. जीव वाचवण्यासाठी घाईत लाइन टाकावी लागली तर टाकावी. पण सीडीसीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निर्जंतुकता पाळता आली नसेल तर ती लाइन लवकरात लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी. म्हणजे तिथे सिस्टरचं काम खरी नोंद करण्याचं आहे : लाइनवर ‘इमर्जन्सी’ असं लेबल, वेळ, आणि दुसऱ्या दिवशीच्या राउंडला आठवण. वर सांगितलेल्या रात्री तिने ‘होय’ऐवजी ‘नाही’ लिहिलं असतं तर ती लाइन बदलली गेली असती. खोटी टीक इथे रुग्णाला भोवते.

दुसरा आक्षेप इंग्लंडचा. तिथे ‘मॅचिंग मिशिगन’ नावाने हीच मोहीम झाली, मोठ्यांच्या आयसीयूतला दर ३.७ वरून १.४८ वर आला, पण ज्या आयसीयूंची पाळी अजून आली नव्हती तिथेही तो तसाच उतरत होता. मग श्रेय चेकलिस्टचं कसं? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असंही वाटतं. कागदाच्या एका मोहिमेने दर उतरत नाही. तो उतरतो तेव्हा सामान, माणसं आणि वागण्याची रीत हे सगळं एकदम हललेलं असतं.

तिसऱ्या गोष्टीला आक्षेप म्हणता येणार नाही, ती पळवाट आहे : ‘आमचा दर शून्य आहे.’ संसर्ग मोजायला ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीचा नमुना, पाठवावं लागतं. ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, योग्य पद्धतीने घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसे पडतात. कल्चर न पाठवणाऱ्या आयसीयूचा दर नेहमीच शून्य असतो. म्हणून दर वाढला की परिचारिकेला मेमो देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मेमोच्या भीतीने संसर्ग थांबत नाही, नमुने थांबतात.

मग करायचं काय? वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं एक परिपत्रक हवं : सेंट्रल लाइन टाकताना हजर असलेल्या परिचारिकेने थांबा म्हटलं तर थांबायचं, तातडीचा प्रसंग असेल तर तसं डॉक्टरने लिहायचं, आणि यावरून तक्रार झाली तर ती आधी अधीक्षकांकडे येईल, मेट्रनकडे नाही. चेकलिस्टवर लाइन टाकणाऱ्याचीही सही हवी. बाटल्या, ड्रेसिंग, क्लोरहेक्सिडीन यांच्या खरेदी समितीत आयसीयूची परिसेविका हवी. मासिक अहवालात संसर्गदराच्या शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात रात्रपाळीला एका परिचारिकेमागे किती रुग्ण होते तो आकडा छापायला हवा, म्हणजे दोन्ही आकडे एकाच नजरेत दिसतील.

आणि लाइन काढण्याचा प्रश्न. पाच ओळींतली ही शेवटची सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत जास्त विसरली जाते, कारण चालू असलेली लाइन सगळ्यांच्याच सोयीची असते. रक्त काढायला बरी, औषध द्यायला बरी, आणि खरं सांगायचं तर आम्हा नर्सेसनाही बरी, पुन्हा शीर शोधत बसावं लागत नाही. कोणत्या बेडच्या लाइनचा कितवा दिवस आहे हे मात्र सिस्टरलाच तोंडपाठ असतं. सकाळच्या राउंडला प्रत्येक बेडपाशी तिने विचारावं : ‘नॉरअ‍ॅड काल दुपारपासून बंद आहे, हाताला शीर चांगली मिळते आहे, लाइन काढू का?’ उत्तर ‘राहू दे’ असं आलं, तर ती का राहू द्यायची याचं कारण डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात, त्या दिवसाच्या तारखेखाली केसपेपरवर लिहावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, आणि कारणही पुन्हा नव्याने लिहायचं. ‘कालप्रमाणे’ चालणार नाही.